रेघ फलंदाजाची

आमच्या घरात दोन अंपायर आहेत आणि दोघांचे नियम एकमेकांच्या उलट आहेत. आमचे हे रविवारी क्रिकेटच्या सामन्यांना उभे राहतात, मी बेसबॉलच्या. त्यांच्या खेळात रेघ अंपायरची असते. म्हणजे बॅट रेघेवर टेकली, पण रेघ ओलांडून आत आली नाही, तर फलंदाज धावबाद. माझ्या खेळात रेघ फलंदाजाची असते. म्हणजे टाच नुसती रेघेला लागलेली असली तरी पाय आत धरायचा. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात हा फरक आमच्या लक्षात आला. तेव्हापासून कपाटातला मधला कप्पा कोणाचा, पलंगावरची मधली जागा कोणाची, असल्या प्रत्येक वादात हे म्हणतात, रेघ माझी. मी म्हणते, उभा राहील त्याची. इतकी वर्षं झाली, निकाल लागलेला नाही. कप्प्यात सध्या लेकीचे कपडे आहेत.

या अंकाच्या संपादकांनी फोनवर सुचवलं होतं की केंद्र सरकारच्या नोकरीतले अनुभव लिहा, दिल्लीत एवढा काळ काढलात. खरं सांगायचं तर नोकरीत फाईल खालून वर गेली आणि वरून खाली आली, यापलीकडे माझ्या हातून फारसं काही घडलं नाही. अमरावतीला सॉफ्टबॉल खेळायचे, खेळाडूंच्या कोट्यातून दिल्लीत लागले, सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये संसार झाला, मागे निवृत्त झाले आणि आता मयूर विहारला राहतो. नोकरीचं पुराण इथे संपलं. मी जे काम जीव लावून केलं ते रविवारचं, आणि तेही मुख्यतः एकच. फलंदाजाने उभं कुठे राहायचं, हे सांगण्याचं.

ज्यांनी बेसबॉल पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जमिनीत एक पाच कोनांची पांढरी रबरी पाटी बसवलेली असते, तिला होम प्लेट म्हणतात. चेंडू टाकणारा, म्हणजे पिचर, या पाटीवरून चेंडू जाईल असा नेम धरतो. पाटीच्या दोन्ही बाजूंना फक्कीने, म्हणजे मैदान आखायच्या चुन्याच्या भुकटीने, एकेक चौकट आखलेली असते, साधारण एक माणूस ऐसपैस झोपेल एवढी. उजव्या हाताने खेळणारा एका चौकटीत, डावखुरा दुसऱ्या. चेंडू टाकला जाताना दोन्ही पाय चौकटीत हवेत. चेंडू मारायच्या क्षणी एक पाय जरी पूर्णपणे चौकटीबाहेर जमिनीवर टेकलेला असला, तर चेंडू आग्र्यापर्यंत जाऊ दे, फलंदाज बाद. अर्धा पाय आत, अर्धा बाहेर, चालतो. टाच रेघेवर आणि बाकी सगळा पाय बाहेर, तोही चालतो. पाय हवेत असेल तर प्रश्नच नाही. अंपायर होम प्लेटच्या मागे, चेंडू पकडणाऱ्या कॅचरच्या पाठीशी वाकून उभा राहतो आणि एका डोळ्याने चेंडू, दुसऱ्याने पाय बघतो. सरड्याला हे जन्मतः जमतं, मला सरावाने जमलं.

ऐकायला सोपं वाटतं. पण या शहरात कोणी कुठे बसायचं आणि कोणी कुठे उभं राहायचं हे ठरवायला वेगळे अधिकारी नेमलेले असतात. मी त्यांच्या परवानगीशिवाय लोकांना उभं करत होते.

एकदा थंडीच्या दिवसांत वेगवेगळ्या खात्यांच्या हौशी संघांचे सामने होते. एक फार वरचे अधिकारी बॅट घेऊन आले. नवे कोरे पांढरे बूट, स्वेटरला इस्त्री केल्यासारखी घडी. ते सरळ येऊन होम प्लेटवर उभे राहिले. पाटावर नवरदेव उभा राहावा तसे, दोन्ही पाय जुळवून. पिचर त्यांच्याच खात्यातला एक सहायक होता. त्याने चेंडू छातीशी धरला आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू त्याची बदली माझ्या हातात आहे. मी अदबीने म्हटलं, "सर, इस पर खड़े नहीं होते."

"तो फिर बिछाया किसलिए है?" त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

मी त्यांना शेजारची चौकट दाखवली. त्यांनी ती नीट पाहिली. तिच्यावर काही अंथरलेलं नव्हतं, खुर्चीही नव्हती, याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं. तरी आले बिचारे आत. आता पिचरची पंचाईत. साहेबांना चेंडू लागला तर काय, या धास्तीने त्याने चारही चेंडू इतके लांब टाकले की कॅचरला पळत जाऊन आणावे लागले. चार चेंडू असे वाया गेले की फलंदाजाला पहिला बेस, म्हणजे धाव पुरी करायच्या वाटेवरचा पहिला थांबा, फुकट मिळतो, पळायचीसुद्धा गरज नाही. साहेब हातातली बॅट शिपायाला द्यावी तशी माझ्या हातात देऊन शांतपणे चालत गेले. काही न करता पुढची जागा मिळते हे त्यांना फार आवडलं. संध्याकाळी चहाच्या वेळी ते सगळ्यांना सांगत होते की हा खेळ क्रिकेटपेक्षा जास्त समंजस आहे.

क्रिकेटवाल्यांनी मला सगळ्यात जास्त हसवलं. दिल्लीतलं पोर चालायला लागतं ते बॅट घेऊनच, त्यामुळे बेसबॉलला नवीन आलेला मुलगा चौकटीत येतो, बॅट जमिनीवर टेकवतो, मान वळवतो आणि म्हणतो, "मैडम, मिडल स्टंप देना." सुरुवातीला मी समजावत असे की बेटा, इथे स्टंप नसतात. त्याला ते पटायचं, पण बॅट टेकवलेलीच राहायची. शेवटी मी शहाणी झाले. एक डोळा मिटायचा, बोट वर करायचं आणि गंभीरपणे म्हणायचं, "थोड़ा अंदर, थोड़ा और, बस." पोरगा खूश. बुटाने खूण करून छाती काढून उभा राहायचा. त्यातला एक तर चेंडू हुकला की गर्रकन मागे वळून बघायचा, दांडी उडाली का म्हणून. तिथे स्टंपच्या जागी मी असायचे.

आणि उकरणारे. हे जुने, मुरलेले खेळाडू. पिचरपासून वीतभर लांब उभं राहिलं तर चेंडू बघायला तेवढाच जास्त वेळ मिळतो, म्हणून हे लोक चौकटीत आल्या आल्या बुटाच्या खिळ्यांनी मागची रेघ पुसून टाकतात. कोंबडी उकिरड्यावर जशी नेटाने उकरते ना, तसं. चेहरा मात्र असा की पायाला खाज सुटली आहे. दुसरी इनिंग, म्हणजे दोन्ही संघांच्या फलंदाजीची दुसरी पाळी, येईपर्यंत चौकटीची माती झालेली. मग रेघ मी मनात ओढायची आणि त्या मनातल्या रेघेवर अख्ख्या मैदानाशी भांडायचं. माझे काही निर्णय अजून मला टोचतात. रेघच नव्हती तर पाय तिच्या बाहेर होता हे मी कशावरून म्हणाले, असा प्रश्न अंघोळ करताना अचानक पडतो. म्हणून माझी एकच इच्छा होती, की एकदा तरी मला शेवटपर्यंत न पुसलेली, स्वच्छ, ठळक रेघ मिळावी.

ती मिळाली. कशी मिळाली ते ऐका.

माझी मुलगी प्रज्ञा बेसबॉल खेळते. दिल्लीत जन्मली, दिल्लीत वाढली, त्यामुळे तिचं मराठी म्हणजे घरापुरतं. उंबरठ्याला ती "दरवाजे की वो पट्टी" म्हणते. क्वार्टर सुटलं, सरोजिनी नगरच्या जुन्या इमारतीही पडल्या, पण तिचा संघ अजून सरोजिनी नगरच्याच नावाने खेळतो. दोन वर्षं तिचं दिल्लीच्या महिला संघात जाता जाता राहिलं होतं. पहिल्या वर्षी घोटा मुरगळला, दुसऱ्या वर्षी तिच्यापेक्षा चांगली मुलगी होती. आता नोकरी लागली होती बंगळूरला, जानेवारीत हजर व्हायचं होतं. म्हणजे या वर्षी नाही तर कधीच नाही. दिवाळीच्या तोंडावर महिलांची एक स्पर्धा होती आणि तिच्या अंतिम सामन्याला निवड समितीच्या बाई येणार होत्या. संघ ठरल्यातच जमा होता, एक जागा उरली होती. प्रज्ञा पंधरवडाभर जेवताना हातात बॅट धरून बसत होती. आमटी वाढायची तर आधी बॅट बाजूला करावी लागे.

लेकीच्या सामन्याला मी उभी राहत नाही, हा माझा नियम. त्या दिवशी मी आणि आमचे हे चिवड्याचा डबा घेऊन प्रेक्षक म्हणून गेलो होतो. पण होम प्लेटमागे उभ्या राहणाऱ्या ठरलेल्या अंपायरला डेंग्यू झाला. त्या दिवसांत अर्ध्या दिल्लीला झाला होता. दुसरा कोणी मिळेना. दोन्ही कर्णधार माझ्याकडे आल्या. समोरचा संघ दिल्लीतल्याच द्वारकेचा, त्यांची कर्णधार जसलीन. मी तिला म्हटलं की माझी मुलगी खेळते आहे, हे बरं दिसणार नाही. ती म्हणाली, "आंटी, आप तो अपनी बेटी को सबसे पहले आउट देंगी, सब जानते हैं." निवड समितीच्या बाईंनीही मान डोलावली. विरोध एकट्या प्रज्ञाचा होता. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "मम्मी, प्लीज, तू नको करू यार."

एवढ्यात नवीन संकट. मैदानाच्या खोलीतल्या फक्कीच्या गोणीवर नळ गळला होता आणि आत चुन्याचा धोंडा तयार झाला होता. मैदान बाकी सगळं आदल्या दिवशीच आखलेलं होतं, फक्त होम प्लेटशेजारच्या दोन चौकटी राहिल्या होत्या. त्या नेहमी शेवटी आखतात, नाहीतर येणारेजाणारे तुडवतात.

इथे मंदाताई पुढे आल्या. या आमच्या सरोजिनी नगरच्या जुन्या शेजारीण, आणि रांगोळी हा त्यांचा प्राण. त्या संध्याकाळी कोपर्निकस मार्गावर दिल्लीतल्या मराठी मंडळींची रांगोळीची स्पर्धा होती, त्यासाठी त्यांच्या गाडीत पांढऱ्या रांगोळीच्या पिशव्या होत्या. दिल्लीत रंग हवे तेवढे मिळतात, पण चिमटीतून एकसारखी सुटणारी पांढरी रांगोळी गावाहून आणावी लागते. मंदाताईंची अकोल्याहून रेल्वेने आली होती. त्या म्हणाल्या, "चौकटच ना? त्यात काय मोठं. माप सांग."

मी माप दिलं, दोरी दिली आणि छातीचा पॅड, पायाचे पॅड बांधायला गेले. परत येऊन बघते तर काय. दोन्ही चौकटी सुतासारख्या सरळ. पण रेघ एकेरी नाही, दुहेरी, मध्ये ठिपके, आणि प्रत्येक कोपऱ्यात एक कमळ. पाकळ्यांसकट. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "नुसती चौकट कशी सोडू गं? ओकंबोकं वाटतं."

मी दोरी लावून मोजलं. बाहेरची कड नियमाप्रमाणे होती. नियमात लिहिलंय की रेघ पांढरी हवी. कमळ नसावं असं कुठेही लिहिलेलं नाही. आणि खरं सांगू का, मला ती चौकट बघून इतका आनंद झाला की मी नियमात फार शोधलंही नाही. अशी रेघ मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. मी खेळ सुरू केला.

द्वारकेची पहिली फलंदाज आली. मूळची नागपूरची मुलगी. ती चौकटीपाशी येऊन थबकली, कोणाच्या दारात उभं राहावं तशी. मग एक पाय उंच उचलून अलगद आत ठेवला, दुसरा त्याच्याशी जुळवला आणि चौकटीच्या बरोबर मध्ये अंग चोरून उभी राहिली. बेसबॉलमध्ये चेंडू मारताना पुढचा पाय पुढे टाकावा लागतो, त्याशिवाय जोर येत नाही. तिने पाय हलवलाच नाही. तीन वेळा हवेत बॅट फिरवली, म्हणजे बाद, आणि टुणकन उडी मारून चौकटीबाहेर. दुसरी आली, तिचंही तेच. सरोजिनी नगरच्या मुलीही तशाच. आमच्याकडे रांगोळी बुद्धपौर्णिमेला आणि जयंतीला, मंदाताईंकडे रोज दारात. पण रांगोळीवर पाय द्यायचा नाही, हे दोन्ही घरांत मूल चालायला लागलं की पहिलं शिकवतात. पंजाबी आणि हरियाणवी मुलीसुद्धा बिचकत होत्या, दिवाळीच्या दिवसांत कोण मोडणार. नामांकित फलंदाज मुली हळदीकुंकवाला आल्यासारख्या येत होत्या आणि बाद होऊन जात होत्या.

याला एकच अपवाद. द्वारकेकडे रोहतकची एक डावखुरी होती. ती आली ती थेट कमळात पाय रोवून उभी राहिली, डावी चौकट दोन मिनिटांत शेतासारखी नांगरली, आणि दोन वेळा मिळून द्वारकेला दोन धावा करून दिल्या. मंदाताई बाकावर डोळ्यांवर पदर धरून बसल्या होत्या. उजवी चौकट मात्र पाचव्या इनिंगपर्यंत जशीच्या तशी. एक ठिपका हलला नव्हता. मी मनात म्हणत होते, असंच चालू दे.

पाचव्या इनिंगला प्रज्ञा आली. सरोजिनी नगरच्या दोन मुली बेसवर होत्या, एक दुसऱ्या, एक तिसऱ्या. बरोबरीला दोन धावा हव्या होत्या आणि दोन्ही तिच्या बॅटवर होत्या. निवड समितीच्या बाई खुर्ची पुढे ओढून बसल्या. पहिल्या चेंडूला प्रज्ञाने पाय जुळवून बॅट फिरवली आणि हुकली. तिला स्वतःचाच राग आलेला मला मागून मानेवर दिसला. दुसरा चेंडू आला, आणि ती रांगोळी विसरली. पुढचा पाय नेहमीसारखा पुढे गेला. पण तो हवेत असताना पायालाच कमळ आठवलं. पाय लांबला, कमळावरून पलीकडे गेला, आणि रेघेच्या चांगला बोटभर पुढे जमिनीवर टेकला. त्याच क्षणी चेंडू लागला. काय लागला म्हणून सांगू. मधल्या क्षेत्ररक्षकाच्या डोक्यावरून पार कुंपणापर्यंत. दोन्ही मुली पळत आल्या, बाकावरचे सगळे उठले, ह्यांच्या हातातला चिवडा दोन ओळी मागच्या लोकांपर्यंत पोचला.

मी खाली पाहिलं. रेघ अखंड होती. कमळ अखंड होतं. आणि त्यांच्या पलीकडे मऊ मातीत माझ्या मुलीच्या बुटाचा अख्खा ठसा होता, दस्तावरच्या अंगठ्यासारखा स्वच्छ. हाच पाय जरा आखूड पडला असता, कमळाचा चुराडा झाला असता, तर दोन धावा होत्या. मी हात वर केला. चेंडू रद्द, धावा रद्द, मुली आपापल्या बेसवर परत, फलंदाज बाद.

प्रज्ञा दुसऱ्या बेसवरून परत आली. मी तिला ठसा दाखवला. तिने ठशाकडे पाहिलं, कमळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मम्मी, रांगोळी आहे ती. तूच तर सांगितलं ना, पाय नाही द्यायचा."

"मैदानात मला मम्मी म्हणायचं नाही," मी म्हटलं.

उंबरठ्याला पट्टी म्हणणाऱ्या या पोरीला मी मराठी म्हणून जे काही दिलं त्यातलं फारसं टिकलेलं नाही, असं मी जन्मभर समजत होते. आणि जे पायात टिकलं होतं त्यासाठीच मी तिला बाद दिलं होतं. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त हसू येत होतं. आमचे हे, जे जन्मभर रेघ अंपायरची म्हणत आले, ते सांडलेला चिवडा वेचायला वाकले.

ती इनिंग संपल्यावर मी खेळ थांबवला आणि दोन्ही कर्णधारांना बोलावलं. मी म्हटलं, रेघ राहील, कमळं जातील. चौकट उभं राहायला असते, आणि इथे कोणी उभंच राहत नाही. दोघींनाही ते मान्य होतं. मग होम प्लेट झाडायचा माझा छोटा ब्रश काढून मी वाकले, आणि माझा हात पुढे जाईना. दिवाळीच्या दिवसांत, दुसऱ्या बाईने काढलेली रांगोळी, तिच्या डोळ्यांदेखत. अख्खं मैदान माझ्याकडे बघत होतं आणि मी ब्रश धरून वाकलेलीच.

मंदाताई बाकावरून उतरून आल्या. काय झालं विचारलं. मी सांगितलं. त्यांनी नऊवारी नेसल्यासारखी साडी वर खोचली.

"माझी रांगोळी, माझा पाय," त्या म्हणाल्या, आणि थप्प करून पहिल्या कमळावर चप्पल ठेवली. मग दुसऱ्या. मग चौकटीच्या कडेकडेने पावलापुढे पाऊल टाकत एक पूर्ण फेरी मारली. ठिपके गेले, पाकळ्या गेल्या, पांढरी जाड रेघ तेवढी राहिली. मग मुलींकडे वळून म्हणाल्या, "झाली फक्की. आता नाचा."

आणि मुली नाचल्या. सहाव्या इनिंगला सरोजिनी नगरने दोन धावा काढल्या आणि बरोबरी झाली. उजवी चौकट पाहता पाहता तुडवून निघाली आणि माझ्या स्वच्छ रेघेचं आयुष्य संपलं. द्वारकेची सातवी इनिंग कोरी गेली. आता सरोजिनी नगरची सातवी, म्हणजे शेवटची इनिंग, तीन बाद झाल्या की संपणार आणि दोन मुली बाद, एक तिसऱ्या बेसवर, आणि फलंदाजीला पुन्हा प्रज्ञा. ज्यांना खेळ कळत नाही त्यांनी एवढंच लक्षात घ्यावं की चेंडू पोचायच्या आत प्रज्ञा पहिल्या बेसवर पोचली, तर तिसऱ्या बेसवरच्या मुलीची धाव धरतात आणि सामना जिंकला. नाही पोचली तर ती बाद, धावही नाही.

ती चौकटीपाशी आली. पाय क्षणभर उरल्यासुरल्या रेघेवर अधांतरी राहिला, मग खाली आला. निवड समितीच्या बाई आता उभ्या होत्या. पिचरने चेंडू टाकला. प्रज्ञाने पाय पुढे टाकला, टाच त्या पुसट रेघेवर, बाकी पाय बाहेर. माझ्या दृष्टीने आत. पण चेंडू बॅटच्या कडेला लागला आणि पहिल्या बेसकडे जाणाऱ्या रेघेच्या आतल्या अंगाने, रेघेला चिकटून, रमतगमत गडगडत निघाला. द्वारकेच्या तीन मुली त्याच्यावर धावल्या.

आणि प्रज्ञा जागची हलली नाही. बॅट हातात धरून, मान वळवून, ती माझ्याकडे बघत उभी होती.

चेंडू रेघेबाहेर गेला तर अंपायर 'फाउल' म्हणून मोठ्याने ओरडतो. पण चेंडू आत असेल तर तोंडातून शब्द काढायचा नाही, नुसता हात मैदानाकडे करायचा, असा आमच्यात शिरस्ता आहे. खेळाडूला पळ म्हणायचा अधिकार तर अंपायरला अजिबात नाही. 'पळ' माझ्या जिभेच्या टोकावर आला होता. मी ओठ दाबून धरले आणि हात केला. पहिल्या बेसच्या रेघेच्या आत, खांद्यातून निखळेल इतका ताणून. हात किती वेळ धरायचा हे नियमात लिहिलेलं नाही. मी धरला. प्रज्ञाने हाताकडे पाहिलं, बॅट टाकली आणि पळाली.

पहिल्या बेसवरच्या अंपायरने दोन्ही हात आडवे पसरले. सेफ. पुढचं मला नीट आठवत नाही. जसलीन माझ्या गळ्यात पडून म्हणत होती की आंटी, आपका हाथ अभी भी ऊपर है. मंदाताई कोणालातरी सांगत होत्या की चौकट त्यांनी काढली होती. निवड समितीच्या बाई प्रज्ञापाशी गेल्या आणि सोमवारी सकाळी शिबिराला ये म्हणाल्या.

परतताना आम्ही तिघं मेट्रोत होतो. माझे पॅड ह्यांच्या मांडीवर, प्रज्ञाची बॅट माझ्या. हे तिला म्हणाले, "चेंडू लागल्यावर तू अशी पुतळ्यासारखी उभी का राहिलीस? आणखी थोडी थांबतीस तर सगळं गेलं असतं."

"पप्पा, मागे मम्मी होती ना," प्रज्ञा म्हणाली. "आधी बघावं लागतं, आउट तर नाही दिलं."

ती हे सहज बोलली आणि फोनमध्ये डोकं घालून बसली. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. इतक्या वर्षांत माझ्या अंपायरिंगचं एवढं कौतुक कोणी केलं नव्हतं.